गटारीचा फ्रेंच रस्सा

आषाढ अमावास्या येते तेव्हा क्लेटनमध्ये ऐन हिवाळा असतो. तिकडे पावसाची झड लागलेली, इकडे दक्षिणेचा बोचरा वारा. दुपारी पारा कसाबसा तेरा-चौदा अंशांवर चढतो आणि सव्वापाचला दिवेलागण होते. श्रावण पाळणारे मेलबर्नमध्येही आहेत, म्हणून गटारीही आहे. तिला कोंबडी लागते आणि बाटली लागते. ही दोन्ही एकाच भांड्यात घालून शिजवायची युक्ती फ्रेंचांनी करून ठेवली आहे. तिचं नाव कॉक ओ व्हँ, म्हणजे सरळ मराठीत 'वाईनमधला कोंबडा'.

नावाला बिचकू नका. हा मुळात गरिबाघरचा पदार्थ. मेजवानीच्या टेबलावर तो नंतर चढला. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या शेतकऱ्याकडे म्हातारा, निबर झालेला कोंबडा असायचा आणि गावचीच तांबडी वाईन. असा कोंबडा नुसता भाजला तर दातांनी तुटत नाही, म्हणून तो आंबट वाईनमध्ये भिजवायचा आणि मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचा. ज्यूलियस सीझरपर्यंत हा पदार्थ नेऊन भिडवणारी एक दंतकथा आहे, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. गावठी कोंबडा चुलीवर दोन-दोन तास रटरटताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या पदार्थाचं मर्म वेगळं समजावून सांगायला नको. जुन्या पाककृतींत तर शेवटी कोंबड्याचं रक्त घालून रस्सा दाट करतात. रक्ती खाणाऱ्यांना त्याचंही नवल वाटणार नाही. आपण मात्र ते सोडून देऊ.

वाईनमध्ये मांस ही कल्पनाही आपल्या किनाऱ्याला नवी नाही. गोव्याच्या विंदालूचं नाव पोर्तुगीजांच्या वाईन आणि लसणात मुरवलेल्या मांसावरून आलं. गोव्यात वाईनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, मिरची आली, आणि पदार्थ आपला झाला. बर्गंडीच्या कोंबड्याचं असं रूपांतर मी करायला सांगणार नाही. का ते पुढे येईलच.

पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा मी त्याची पार वाट लावली होती. कोंबडी नेहमीसारखी बारीक तुकडे करून आणली, कांद्यावर परतली, वरून अख्खी बाटली ओतली आणि अर्धा तास उकळलं. झाकण काढलं तर आत जांभळट रंगाचे तुकडे, पाण्यासारखा पातळ रस्सा आणि नाकात जाणारा दारूचा भपका. चव इतकी आंबट की जिभेला झिणझिण्या आल्या. मग साखर घातली. मग आलं-लसूण. शेवटी हात आपोआप गरम मसाल्याकडे गेला आणि जे तयार झालं ते ना फ्रेंच होतं, ना कोल्हापुरी. पाहुण्यांनी भाताबरोबर निमूटपणे खाल्लं. पुढच्या साऱ्या सूचना त्या पातेल्यातून निघाल्या आहेत.

चूक वाईनमध्ये नव्हती, क्रमात होती. आपल्या रश्शात चव वाटणातून येते: खोबरं, कांदा, खडा मसाला भाजून वाटला की अर्धं काम झालं. इथे वाटण नाही. म्हणून तेवढी सगळी चव भाजण्यातून आणि आटवण्यातून काढावी लागते. या दोन पायऱ्यांत घाई केली की मागे मसाल्याचं पांघरूण नसतं.

आधी सामान. सहा माणसांसाठी सांगते.

कोंबडीचे 'मेरीलँड' घ्या. ऑस्ट्रेलियात मांडी आणि तंगडी अखंड जोडलेल्या तुकड्याला हे नाव आहे. असे सहा, म्हणजे साधारण दोन किलो. घरी सांध्यात सुरी घालून प्रत्येकाचे दोन करा. क्लेटन रोडच्या आसपासच्या मटणाच्या दुकानात गेलात तर सवयीने कातडी काढून 'करी कट' हातात पडेल, म्हणून आधीच सांगा: कातडी हवी, तुकडे नकोत. कातडीशिवाय ते खरपूस रंगत नाहीत आणि बारीक तोडलेल्या हाडांच्या चिपा रश्शात उतरतात. छातीचं मांस अजिबात नको, तासाभरात त्याचा भुसा होतो. अगदी मूळ चवीच्या मागे लागायचं असेल तर रेल्वेने दोन स्टेशनं पुढे, स्प्रिंगवेलला जा. तिथल्या व्हिएतनामी-चिनी दुकानांत कधी कधी अंडी घालून थकलेली जून कोंबडी मिळते. तिला अडीच-तीन तास लागतील, पण रस्सा असा चिकट होईल की ओठ ओठांना चिकटतील.

एक बाटली तांबडी वाईन, ७५० मिलिलिटर. बर्गंडीची वाईन पिनो न्वार द्राक्षाची असते, आणि आपलं नशीब असं की क्लेटनपासून तासाभराच्या अंतरावर एकीकडे यारा व्हॅली आणि दुसरीकडे मॉर्निंग्टन द्वीपकल्प, दोन्हीकडे हेच द्राक्ष नावाजलेलं आहे. यारा व्हॅलीत येरिंगला रायरी बंधूंनी १८३८मध्ये पहिल्या वेली लावल्या. व्हिक्टोरियातली द्राक्षशेती तिथून सुरू झाली. पण चांगली पिनो महाग असते आणि ती भांड्यात ओतणं मला तरी पटत नाही. ती पेल्यात घ्या. भांड्यासाठी 'क्लीनस्किन' चालते, म्हणजे उत्पादकाचं नाव न लावता विकली जाणारी स्वस्त बाटली. पिनो नसेल तर ग्रेनाश किंवा हलकी शिराझ. टाळायची ती लाकडी पिंपात बराच काळ मुरलेली, तोंड आवळणारी कॅबर्ने. आटवल्यावर तिचा तुरटपणा चहाच्या चोथ्यासारखा लागतो. 'कुकिंग वाईन' नावाच्या बाटलीत बहुधा मीठ असतं, ती नकोच. खोक्यातली वाईन, जी १९६५मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या टॉमस अँगोव्ह यांनी बाजारात आणली, एरवी थट्टेचा विषय असते. पण ऐनवेळी पेलाभर कमी पडली तर तिच्याइतकी सोय दुसरी नाही. नाशिक-पुण्यात हे वाचत असाल तर तिथली शिराझ छान चालेल.

दीडशे ग्रॅम स्पेक, म्हणजे धुरावलेल्या डुकराच्या मांसाची अखंड वडी. दोन मोठे कांदे, एक गाजर, पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, कोंबडीचा स्टॉक चारशे मिलिलिटर (मीठ कमी असलेला), वीसेक छोटे लोणच्याचे कांदे, तीनशे ग्रॅम मश्रूम, साठ ग्रॅम लोणी, तीस ग्रॅम मैदा, मिरी, मीठ. थाईमच्या चार-पाच काड्या, थोडे पार्स्लीचे देठ, दोन बे लीफ.

या बे लीफवरून एक इशारा. क्लेटन रोडच्या भारतीय दुकानात त्या नावाने जे मिळतं ते आपलं तमालपत्र. त्याला लांबीच्या दिशेने तीन शिरा असतात आणि वास दालचिनीच्या कुळातला. फ्रेंचांचं पान दुसऱ्या झाडाचं, लॉरेलचं: मधोमध एकच शीर, वास थोडा निलगिरीसारखा. तमालपत्र घातलंत तर पातेल्यातून बिर्याणीची आठवण येऊ लागते. लॉरेल सुपरमार्केटात मिळतं. नाही मिळालं तर पान न घालणं बरं.

आदल्या रात्री कोंबडीला मीठ चोळून, मिरी लावून फ्रीजमध्ये उघडीच ठेवा. कातडी कोरडी पडली की रंग सुरेख येतो. वाईनमध्ये रात्रभर मुरवावी की नाही यावर लोक भांडतात. माझं मत: जून कोंबडीला मुरवा, कोवळीला गरज नाही. सुपरमार्केटातली कोंबडी आंबटात फार वेळ राहिली तर वरून पिठूळ होते.

भांडं जाड बुडाचं आणि रुंद हवं. स्टीलचं किंवा आतून मुलामा दिलेलं बिडाचं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणि साधी लोखंडी कढई इथे चालणार नाही. वाईनचं आम्ल धातूला लागतं आणि रश्शाला पत्र्याची चव येते. चिंचेचं सार आपण अशा भांड्यात करत नाही, तेच हे.

आता आटवणं. वाईन वेगळ्या पातेल्यात घ्या आणि उकळून ७५० मिलिलिटरची चारशेवर आणा, पंधरा-वीस मिनिटं लागतील. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. वाईन आटवली की आंबटपणा जातो असं पुष्कळांना वाटतं. तो जात नाही, उलट एकवटतो. उडून जातो तो अल्कोहोलचा झोंबरा, नाकात घुसणारा भाग. मग आंबटाचं करायचं काय? आमटीत जे करतो ते. चिंच आपण घालतोच, आणि गुळाने तिला जागेवर बसवतो. इथे गुळाचं काम तांबूस परतलेला कांदा, गाजर, लोणी आणि हाडांतून उतरलेला चिकटपणा मिळून करतात. म्हणून कांदा गुलाबी होऊन चालत नाही, त्याला गोडी सुटेपर्यंत परतावं लागतं.

एका शेगडीवर वाईन आटत असताना दुसरीवर स्पेकचे बोटाच्या पेराएवढे तुकडे मंद आचेवर ठेवा. चरबी सुटून ते कुरकुरीत झाले की बाजूला काढा. त्याच चरबीत कोंबडी कातडीची बाजू खाली करून लावा. एका वेळी चार तुकडे, जास्त नाही. गर्दी केली की पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी ती वाफलते. सात-आठ मिनिटं हात लावू नका. आपल्याला सतत कालथा फिरवायची सवय असते, ती इथे आवरायची. कातडी स्वतःहून बुडापासून सुटली की उलटा, दुसरी बाजू तीन मिनिटं. रंग जुन्या तांब्याच्या हंड्याचा यायला हवा. पुढे वाईनमध्ये शिजल्यावर कोंबडी जांभळट दिसते, ते झाकायला एवढा गडद रंगच कामी येतो.

भाड्याच्या घरात ही पायरी आली की धुराचा अलार्म बोंबलणार हे धरून चाला. खिडकी उघडा, वरचा पंखा लावा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. काही पुस्तकांत याच टप्प्यावर ब्रँडी ओतून काडी लावायला सांगितलेलं असतं. ज्युलिया चाइल्ड आणि तिच्या सहलेखिकांनी १९६१च्या पुस्तकात हा पदार्थ अमेरिकेच्या घरोघर नेला तेव्हापासून या जाळाचं आकर्षण आहे. मी करत नाही. वर प्लास्टिकची जाळी असलेला पंखा, शेजारी लाकडी कपाट, आणि फायदा नावापुरता: अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार जाळ लावलेल्या पदार्थात तीन-चतुर्थांश अल्कोहोल तसंच राहतं.

कोंबडी काढल्यावर बुडाला जी तपकिरी खरवड राहते, ती या पदार्थाचं वाटण समजा. तिच्यातच चिरलेला कांदा आणि गाजर घाला, चिमूटभर मीठ, आणि पंधरा मिनिटं परता. कांद्याचं पाणीच खरवड सोडवत जाईल. लसूण ठेचून घाला, मग टोमॅटो पेस्ट. ती लाल न राहता विटकरी होईपर्यंत परता. आटवलेली वाईन ओतून लाकडी चमच्याने बूड स्वच्छ खरवडून घ्या. स्टॉक घाला, थाईम, पार्स्ली आणि पानांची जुडी दोऱ्याने बांधून सोडा. कोंबडी कातडी वर ठेवून रचा. कातडी रश्शाबाहेर डोकावत राहिली पाहिजे.

झाकण ठेवून ओव्हनमध्ये १६० अंशांवर पाऊण ते एक तास. ओव्हन भरवशाचा नसेल तर शेगडीवर अगदी मंद: रश्शात मिनिटाला मोजता येतील एवढेच बुडबुडे. रटरटू द्यायचं नाही, मांस चिवट होतं. पंचाहत्तर अंशांना कोंबडी खायला सुरक्षित होते, पण मांडीचं मांस मऊ व्हायला पंच्याऐंशी-नव्वदपर्यंत जावं लागतं. सुरीचं टोक विरोध न होता आत गेलं की झालं. कुकर? जून कोंबडीसाठी मी डोळेझाक करीन. मेरीलँडला तीन शिट्ट्या दिल्यात तर हाडं एकीकडे आणि मांस दुसरीकडे होईल, आणि रस्सा आटणारही नाही.

तोवर छोटे कांदे उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, साल चुटकीसरशी निघते. थोड्या लोण्यात सगळीकडून तांबूस करून, अर्धी वाटी पाणी घालून मऊ शिजवा. मश्रूम वेगळे, मोठ्या आचेवर, मीठ शेवटी. दोन्ही बाजूला ठेवा. रश्शात आधीपासून शिजवले तर त्यांना स्वतःची चव उरत नाही.

कोंबडी काढून रस्सा गाळा. वर तरंगणारं तेल पळीने काढून टाका. तर्रीवर वाढलेल्या माणसाला हे जड जातं, मला अजूनही जातं. पण इथे तवंग राहिला तर जिभेवर मेण चढल्यासारखं वाटतं. गाळलेला रस्सा पुन्हा उकळून चाखा. पातळ असेल तर तीस ग्रॅम मऊ लोणी आणि तीस ग्रॅम मैदा बोटांनी एकजीव मळून त्याचे हरभऱ्याएवढे गोळे करा आणि एकेक सोडत ढवळा. कढीला बेसन लावण्यासारखंच, फक्त पीठ लोण्यात आधी कालवलेलं असल्याने गुठळी होत नाही. पाच मिनिटं शिजवा म्हणजे कच्च्या मैद्याचा वास जाईल. रस्सा पळीच्या पाठीला पातळ साईसारखा चिकटून राहिला की पुरे. मीठ आत्ता, शेवटी. स्पेक, स्टॉक आणि आटवणं या तिघांनी आधीच किती खारट केलंय ते चाखल्याशिवाय कळत नाही. अजून आंबट वाटलं तर लोण्याचा आणखी एक खडा. साखर नको, एकदा घातली की ती लपत नाही.

आणि हो, मसाल्याचा डबा कपाटातच राहू द्या. मिरचीचा आग्रह असेल तर बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवा. रश्शात नको. थाईम, मश्रूम आणि वाईन यांचा वास हळू आवाजात बोलणाऱ्या माणसासारखा असतो, गरम मसाला खोलीत आला की तो गप्प बसतो. विंदालूची गोष्टच वेगळी. तिथे पिढ्यान्‌पिढ्या पदार्थ बदलत गेला आणि आंबटाला तोड देणारं तिखट त्याच्याबरोबर वाढलं. एका संध्याकाळी तेवढं होत नाही.

आता पाहुण्यांचं. पाहुणे ताटावर बसण्याआधी सांगा की यात वाईन आहे आणि स्पेक आहे. 'शिजवल्यावर दारू उरतेच कुठे' हे अर्धसत्य आहे. त्याच तक्त्यानुसार अर्धा तास शिजवल्यावर ३५ टक्के, तासाभराने २५, दोन तासांनी १० आणि अडीच तासांनी ५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं. साडेतेरा टक्क्यांच्या एका बाटलीत साधारण ८० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दहा ग्रॅमच्या मापाने आठ पेग. त्यातलं पाव उरलं आणि सहा जणांत वाटलं तर माणशी तीन-साडेतीन ग्रॅम. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण गरोदर बाई, दारू सोडलेला मित्र, धर्मामुळे वर्ज्य असलेला शेजारी, आणि मेट्रोनिडॅझोलसारखं औषध चालू असलेला माणूस, यांना निवडीचा हक्क आहे. गाडीवर लाल किंवा हिरवी 'पी'ची पाटी लावणाऱ्या मुलांनाही सांगा. व्हिक्टोरियात त्यांच्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे. त्यांनी सोबत पेला घेऊ नये, एवढं तरी निक्षून.

डुक्कर न खाणारे घरात असतील तर स्पेक गाळा. कोंबडीच्याच कातडीची चरबी सोडवून घ्या आणि धुराच्या वासासाठी अर्धा चमचा स्मोक्ड पाप्रिका घाला. शाकाहारी मंडळींसाठी मोठे तपकिरी मश्रूम, छोटे कांदे आणि भाज्यांचा स्टॉक घेऊन याच पद्धतीने वेगळं पातेलं छान होतं. मात्र काही वाईन गाळताना अंडं किंवा माशाचा पदार्थ वापरलेला असतो, तेव्हा काटेकोर शाकाहारी असतील तर 'व्हीगन' लिहिलेली बाटली घ्या.

हा पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, म्हणून गटारी रविवारी करणार असाल तर शनिवारीच शिजवा. गार झाल्यावर तेल वर गोठतं, चमच्याने उचललं की संपलं, पळीची कसरत नको. पण 'बाहेर एवढी थंडी आहे, शेगडीवरच राहू दे' हा मोह टाळा. घरातलं हीटर चालू असतं आणि जाड भांडं रात्रभर कोमट राहतं, जंतूंना हवं तेच. पसरट डब्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, आणि वाढताना आतपर्यंत वाफाळेल असं तापवा. छोटे कांदे, मश्रूम आणि कुरकुरीत स्पेक तेव्हा घाला.

सोबत फ्रेंच लोक उकडलेले बटाटे, नूडल्स किंवा पाव घेतात. पावासाठी मी पुन्हा स्प्रिंगवेलच गाठते. १९७०मध्ये तिथे एंटरप्राइझ नावाचं स्थलांतरितांचं वसतिगृह उघडलं, पुढे व्हिएतनाममधून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी ऑस्ट्रेलियातले पहिले दिवस तिथे काढले आणि मग आसपासच घरं केली. फ्रेंचांनी व्हिएतनामला शिकवलेला, पातळ कवचाचा हलका पाव त्यांच्या बेकऱ्यांत सकाळी ताजा मिळतो. बर्गंडीचा रस्सा टिपायला सायगावमार्गे आलेला पाव, यापेक्षा फ्रेंच काही मला क्लेटनमध्ये सापडलेलं नाही.

सासूबाई सांगलीहून आल्या होत्या तेव्हा त्यांनी पाव बाजूला सारला आणि ज्वारीची भाकरी थापली. पीठ क्लेटन रोडवरच मिळालं. रश्शात कुस्करून, वर ठेचा घेऊन खाल्ली, आणि उरलेला रस्सा दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवायला सांगितला.